सँडी क्रीक बॅप्टिस्ट मंडळी

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या आजच्या रँडॉल्फ काउंटीत, लिबर्टी गावाजवळ 1755 मध्ये स्थापन झालेली ग्रामीण ख्रिस्ती मंडळी. अमेरिकेच्या दक्षिण भागात बॅप्टिस्ट पंथ (तान्ह्या मुलांना नव्हे, तर जाणत्या वयात श्रद्धा स्वीकारणाऱ्यांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षास्नान, देणारा पंथ) जो पसरला, त्याचा फार मोठा हिस्सा सँडी क्रीक नावाच्या ओढ्याकाठच्या या एका मंडळीपर्यंत मागे नेता येतो. तिच्या सुरुवातीच्या सतरा वर्षांचा इतिहास म्हणजे आधी झपाट्याने भरलेले आणि मग तितक्याच झपाट्याने ओस पडलेले एक गाव.

मंडळीचे संस्थापक शुबल स्टर्न्स (1706–1771) मूळचे बॉस्टनचे. पुढे ते कनेक्टिकट वसाहतीत टॉलंड येथे राहू लागले. 1745 च्या सुमारास जॉर्ज व्हाइटफील्ड या इंग्रज धर्मोपदेशकाच्या प्रवचनांनी त्यांचे मन पालटले. त्या काळात न्यू इंग्लंडमध्ये धर्मजागृतीची मोठी लाट उसळली होती. तिच्यामुळे सरकारमान्य चर्चमधून फुटून निघालेल्यांना ‘सेपरेट’ म्हणत, आणि स्टर्न्स त्यांच्यातले एक झाले. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणे शास्त्राला धरून नाही, अशी खात्री पटल्यावर 1751 मध्ये बॅप्टिस्ट पाळक वेट पामर यांच्या हातून त्यांनी पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

1754 मध्ये ते कुटुंबकबिल्यासह दक्षिणेकडे निघाले. आधी व्हर्जिनियात थांबले, पण तिथे जम बसेना. कॅरोलायनात गेलेल्या ओळखीच्या लोकांची पत्रे येत होती : इथे प्रवचन ऐकायला माणसे चाळीस चाळीस मैल घोड्यावरून येतात. 1755 च्या नोव्हेंबरात स्टर्न्स सँडी क्रीकला पोचले. सोबत बहीण मार्था आणि तिचे पती डॅनियल मार्शल होते. एकूण सोळा जणांनी मंडळी उभी केली आणि 30 फूट लांब, 26 फूट रुंद असे लहानसे उपासनागृह बांधले.

जागा रानातली असली तरी आडमार्गाची नव्हती. उत्तरेकडून जमिनीच्या शोधात येणाऱ्या कुटुंबांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वाटा याच भागात एकमेकींना भेटत. या वस्त्यांत शिकलेले धर्मगुरू फारच थोडे होते. स्टर्न्स यांचेही शिक्षण बेताचेच होते. ते ठेंगणे होते. आवाज मात्र भरदार आणि सुरेल. त्यांच्या बोलण्याचा हेल इतका प्रभावी होता, की पुढचे कित्येक प्रवचनकार त्याच चालीत बोलू लागले. टिडन्स लेन नावाच्या एका श्रोत्याने आपला अनुभव सांगून ठेवला आहे. ते नुसत्या कुतूहलाने आले होते. पीचच्या झाडाखाली हातात पुस्तक घेऊन एक वृद्ध गृहस्थ बसले होते; तेच स्टर्न्स. त्यांनी लेन यांच्यावर नजर रोखली, आणि ती लेन यांना सोसवेना. प्रवचन सुरू झाल्यावर लेन जमिनीवर कोसळले. हेच लेन नंतर टेनेसीतल्या आरंभीच्या बॅप्टिस्ट पाळकांपैकी एक झाले.

सोळांची मंडळी थोड्याच काळात 606 सभासदांवर गेली. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेणे) यांखेरीज प्रीतिभोजन (एकत्र जेवण), आशीर्वादासाठी डोक्यावर हात ठेवणे, एकमेकांचे पाय धुणे, आजाऱ्यांना तैलाभ्यंग, सहभागितेचा उजवा हात देणे, पवित्र चुंबन आणि मुलांचे समर्पण असे एकूण नऊ विधी इथे पाळत. वडील (मंडळीचे ज्येष्ठ कारभारी) आणि डीकन (मंडळीचे सेवक) यांच्या जोडीला स्त्री-वडील आणि स्त्री-डीकनही असत. मार्था मार्शल प्रार्थना आणि उपदेश करीत, आणि त्यांचे बोलणे ऐकताना सभेला रडू कोसळे. अठराव्या शतकातल्या खेड्यात ही साधी गोष्ट नव्हती, आणि तिची किंमतही मोजावी लागली. ॲबट्स क्रीक येथील नव्या मंडळीसाठी डॅनियल मार्शल यांना पाळकपदाची दीक्षा द्यायची होती. त्यासाठी स्टर्न्स यांनी ‘रेग्युलर’, म्हणजे सेपरेटांहून वेगळ्या, जुन्या परंपरेतल्या बॅप्टिस्टांच्या एका पाळकाला बोलावले. त्याने साफ नकार दिला. हे लोक बायकांना चारचौघांत प्रार्थना करू देतात आणि अडाण्यांना प्रवचन करू देतात, हा त्याचा आक्षेप होता. खरे तर मंडळीचे बळ याच दोन गोष्टींत होते. शेतावर राबणारा माणूस बोलावणे आले असे वाटताच उपदेशाला उभा राही आणि पुढच्या वस्तीत जाऊन नवी मंडळी उभी करी.

1758 मध्ये या मंडळ्यांचा संघ स्थापन झाला. संघात निर्णय एकमतानेच होत. 1770 मध्ये एकमत होईना, तेव्हा नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया असे तीन संघ वेगळे झाले. पुढे लवकरच या भागाची पाहणी करणारे बॅप्टिस्ट इतिहासकार मॉर्गन एडवर्ड्स यांनी हिशेब मांडला : सतरा वर्षांत ही मंडळी 42 मंडळ्यांची आई, आजी आणि पणजी झाली, आणि त्यांतून 125 उपदेशक निघाले.

एवढे होईपर्यंत मूळ घर मात्र रिकामे झाले होते. कर आणि सरकारी कारकुनांची लूट यांविरुद्ध शेतकऱ्यांची ‘रेग्युलेटर’ चळवळ याच मुलखात पेटली. तिचे एक पुढारी हर्मन हसबंड यांची शेती सँडी क्रीकवरच होती. 16 मे 1771 रोजी अलामान्सच्या लढाईत गव्हर्नर विल्यम ट्रायन यांच्या फौजेने चळवळ मोडून काढली. जूनमध्ये हिल्सबरो येथे सहा जणांना फाशी दिले. त्यांत बेंजामिन मेरिल हे बॅप्टिस्ट होते. भीतीपोटी, आणि न्याय मिळण्याची आशाच उरली नाही म्हणून, कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्या जुंपून निघून गेली. 606 सभासदांपैकी 14 उरले. त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला स्टर्न्स वारले. गेलेल्यांनी ॲपलाचियन डोंगरांपलीकडे आणि दक्षिणेत नव्या मंडळ्या वसवल्या. डॅनियल आणि मार्था मार्शल तर आधीच जॉर्जियात गेले होते. तिथली 1772 ची किओकी मंडळी त्यांच्या कामातूनच उभी राहिली.

1830 च्या दशकात मिशनरी संस्थांना पाठिंबा द्यावा की नाही, या वादातून सँडी क्रीकची उरलेली मंडळीही दुभंगली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे मानले जाणारे ओंडक्यांचे उपासनागृह मिशन-विरोधी ‘प्रिमिटिव्ह’ शाखेकडे राहिले. ते अजून उभे आहे.