युरोपचा पैसा, पण कोणता? प्रवेशपूर्व साहाय्य आणि कोहेजन निधी

क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला, दुब्रोवनिकच्या वाटेवर, पेल्येशात्स नावाचा जवळपास २.४ किलोमीटर लांबीचा पूल आहे. बोस्नियाच्या वाट्याला आलेली नेउमची वीसेक किलोमीटरची किनारपट्टी क्रोएशियाच्या किनाऱ्याचे दोन तुकडे करते. त्यामुळे आपल्याच देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाताना लोकांना दोनदा सीमा ओलांडावी लागायची. जुलै २०२२ मध्ये पूल खुला झाला आणि ती कटकट संपली. बांधकाम चिनी कंपनीचं, आणि खर्चातले ३५.७ कोटी युरो युरोपीय संघाचे.

युरोपीय संघात येऊ पाहणाऱ्या देशांना मिळणाऱ्या मदतीचा विषय निघाला की डोळ्यांसमोर असाच एखादा पूल येतो. पण हे ३५.७ कोटी त्या मदतीतले नव्हते. क्रोएशिया १ जुलै २०१३ रोजी सदस्य झाला आणि पुलाचा पैसा २०१७ मध्ये मंजूर झाला, तो सदस्य देशांतल्या मागास प्रदेशांना वर आणण्यासाठीच्या कोहेजन धोरणातून. पुलापासून थोड्याच अंतरावरचं नेउम बोस्नियात, म्हणजे संघाच्या बाहेर. तिथे येणारा युरोपीय पैसा प्रवेशपूर्व साहाय्याचा, इंग्रजी आद्याक्षरांनी ‘आयपीए’ म्हणून ओळखला जाणारा. दोन्हीकडच्या फलकांवर बारा ताऱ्यांचा तोच निळा झेंडा असतो, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. बातम्यांत तर दोन्हींना सरसकट ‘युरोपची मदत’ म्हटलं जातं.

आधी वंशावळ थोडक्यात. १९८९ मध्ये पोलंड आणि हंगेरीच्या अर्थव्यवस्था सावरायला ‘फेअर’ नावाचा कार्यक्रम निघाला आणि पुढे पूर्व युरोपातल्या इतर देशांनाही लागू झाला. २००० पासून त्याच्या जोडीला रस्ते व पर्यावरणासाठी ‘इस्पा’ आणि शेतीसाठी ‘सापार्ड’ आले. २००७ मध्ये हे सगळे कप्पे मोडून एकच साधन केलं, तेच आयपीए. सध्या त्याची तिसरी आवृत्ती चालू आहे. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी तिच्यात सुमारे १,४१६ कोटी युरो आहेत आणि लाभार्थी सात : अल्बेनिया, बोस्निया, कोसोवो, माँटेनेग्रो, उत्तर मॅसेडोनिया, सर्बिया आणि तुर्की. युक्रेन आणि मोल्दोव्हाला जून २०२२ मध्ये उमेदवारीचा दर्जा मिळाला, तरी ते या यादीत नाहीत. त्यांचा पैसा वेगळ्या खात्यांतून येतो. म्हणजे ‘उमेदवार देश’ आणि ‘आयपीए घेणारा देश’ हेही एकच नव्हे.

याच सात वर्षांसाठी सदस्य देशांच्या कोहेजन धोरणात सुमारे ३९,२०० कोटी युरो आहेत. एकट्या पोलंडचा वाटा ७,६०० कोटींच्या आसपास, म्हणजे सातही आयपीए देशांच्या एकत्रित रकमेच्या पाचपटीहून अधिक. क्रोएशियाचं उदाहरण आणखी बोलकं आहे, कारण देश तोच आणि सात-सात वर्षांचे दोन टप्पे लागोपाठ. २००७ ते २०१३ या काळात त्याच्या नावावर आयपीएतून शंभर कोटी युरोंना किंचित कमी इतकी तरतूद होती. २०१४ ते २०२० साठी कोहेजन धोरणाखालीच सुमारे ८६० कोटी मिळाले. ग्रामविकास आणि मत्स्यव्यवसाय धरले तर आकडा हजार कोटींच्या वर जातो. अर्थात सदस्य झाल्या दिवसापासून क्रोएशियाला संघाच्या तिजोरीत स्वतःचा हप्ताही भरावा लागतो. उमेदवार देशाला तसा हप्ता नसतो.

आकड्यांची तफावत मोठी असली तरी माझ्या मते खरा फरक तिच्यात नाही. पैसा कशावर खर्च होतो आणि त्यावर हक्क कोणाचा, हे पाहायला हवं.

माणसं तयार करण्याचा खर्च

कोहेजन निधीचा हेतू सरळ आहे : संघातल्या श्रीमंत आणि गरीब प्रदेशांतली दरी कमी करणं. ज्या प्रदेशाचं दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, त्याला झुकतं माप. तिथे रेल्वे, सांडपाणी प्रकल्प, रुग्णालयं, पूल होतात. खर्चाचा काही भाग सदस्य देशाला स्वतः उचलावा लागतो. सर्वांत मागास प्रदेशांत संघ ८५ टक्क्यांपर्यंत देतो. आपल्याकडच्या केंद्र पुरस्कृत योजनांत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० असतात, त्या रचनेशी हे बरंच जुळतं.

प्रवेशपूर्व साहाय्यातही रस्ते आणि जलशुद्धीकरण केंद्रं असतात. बोस्नियातून जाणाऱ्या ‘पाच-सी’ महामार्गाला युरोपीय अनुदान मिळतं, सोबत युरोपीय बँकांची कर्जंही असतात. पण या निधीचा गाभा प्रशासन घडवणं हा आहे. संघात यायचं तर त्याचे हजारो पानांचे कायदे आपल्या कायद्यात उतरवावे लागतात आणि ते राबवणारी यंत्रणा उभी करावी लागते. अन्नसुरक्षेची तपासणी करणारे अधिकारी, सीमाशुल्काची संगणकप्रणाली, न्यायाधीशांचं प्रशिक्षण, सार्वजनिक खरेदीवर देखरेख ठेवणारी कार्यालयं असा हा खर्च. १९९८ पासून ‘ट्विनिंग’ नावाची पद्धत आहे. तिच्यात एखाद्या सदस्य देशाचा सरकारी अधिकारी उमेदवार देशातल्या समकक्ष खात्यात वर्ष-दोन वर्षं जाऊन बसतो आणि काम शिकवतो. महागडे खासगी सल्लागार नेमून अहवाल लिहून घेण्यापेक्षा हे मला कितीतरी शहाणपणाचं वाटतं. जर्मन पशुवैद्यकीय निरीक्षकाला दुसऱ्या देशाच्या निरीक्षकाची अडचण जितकी पटकन कळेल, तितकी सल्लागाराला कळणार नाही.

अडचण एवढीच की असा खर्च दिसत नाही. सर्बियाला अनुदानं देणाऱ्यांत युरोपीय संघ सर्वांत पुढे आहे. तरी तिथल्या जनमत चाचण्यांत सर्वांत मोठा देणगीदार म्हणून रशिया किंवा चीनचं नाव घेणारे वर्षानुवर्षं पुष्कळ होते. चीनचा पूल उभा राहतो तेव्हा दूरदर्शनवर दिसतो; लेखापरीक्षण कार्यालयातल्या सुधारणेचं उद्घाटन कोण करणार?

वाटा आणि मर्जी

कोहेजनमध्ये सात वर्षं सुरू होण्याआधीच प्रत्येक सदस्याचा वाटा ठरतो. १९९९ च्या बर्लिन शिखर परिषदेपासून त्यासाठी सूत्र आहे : प्रदेशाची लोकसंख्या, उत्पन्नातली तूट, बेरोजगारी वगैरे त्यात घालून रक्कम काढतात. त्या सूत्रावरून सरकारांत घासाघीस होते, पण एकदा ठरलं की वाटा तुमचा. तो मुदतीत खर्च झाला नाही तर परत जातो, ही गोष्ट वेगळी. नव्या सदस्यांना सुरुवातीला नेमकं तेच जड जातं. २००७ मध्ये आलेल्या रोमानियाला पहिली काही वर्षं हाताशी असलेला पैसा खर्चच करता येत नव्हता.

आयपीएच्या तिसऱ्या आवृत्तीत देशनिहाय वाटेच काढून टाकले. कायद्याचं राज्य, सुशासन, पर्यावरण व वाहतूक, स्पर्धाक्षमता आणि सीमापार सहकार्य अशा पाच विषयांत पैसा ठेवला आहे. ज्याची तयारी आणि सुधारणांतली प्रगती बरी, त्याचा प्रकल्प पुढे. यावर सर्बियापासून अल्बेनियापर्यंत कोणालाही ‘आमचा हक्क’ म्हणता येत नाही.

पैसा हाताळण्याच्या पद्धतीतही हेच दिसतं. बऱ्याच आयपीए प्रकल्पांत त्या देशाच्या राजधानीतलं युरोपीय संघाचं कार्यालय स्वतः निविदा काढतं आणि करार करतं. देशाच्या हाती काम सोपवलं, तरी निविदेची कागदपत्रं आधी त्या कार्यालयाने तपासायची, मग सही, असा रिवाज. सदस्य देशात मात्र व्यवस्थापन त्याच देशाच्या यंत्रणेकडे असतं. ब्रुसेल्सचे, म्हणजे संघाच्या मुख्यालयाचे, लेखापरीक्षक सहसा नंतर येतात, चुका सापडल्या तर रक्कम कापून घेतात. आधी तपासणी आणि नंतर तपासणी हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. सरकारी कार्यालयात काम केलेल्या कुणालाही विचारा, दिनक्रमच बदलतो.

बल्गेरियाचं प्रकरण इथे सांगायलाच हवं. बल्गेरिया १ जानेवारी २००७ रोजी सदस्य झाला, पण प्रवेशाआधी मंजूर झालेल्या फेअर, इस्पा, सापार्डच्या प्रकल्पांचा पैसा अजून यायचा होता. असं शेपूट नेहमीच राहतं. सदस्यत्वाच्या तारखेला जुनी खाती आपोआप बंद होत नाहीत. जुलै २००८ मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, गैरव्यवहार आणि ढिसाळ नियंत्रणाचं कारण देऊन कोट्यवधी युरोंचा हा जुना निधी गोठवला आणि फेअरचा पैसा हाताळणाऱ्या दोन सरकारी यंत्रणांची मान्यता काढून घेतली. नोव्हेंबरमध्ये आयोग आपल्या निर्णयावर ठाम राहिला आणि सुमारे २२ कोटी युरो बल्गेरियाने कायमचे गमावले. म्हणजे पूर्ण सदस्य असलेल्या, सदस्य देशांच्या परिषदेत मतदान करणाऱ्या देशाचा उमेदवारीच्या काळातला पैसा उमेदवारीच्याच कडक नियमांनी गेला. सदस्य देशाला मिळालेला प्रत्येक युरो कोहेजनचा समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पैसा रोखण्याच्या बाबतीत तुर्की आणि हंगेरी शेजारी ठेवून पाहा. तुर्कीतल्या लोकशाहीच्या घसरणीवर नाराजी वाढली तेव्हा २०१८ चा वार्षिक अर्थसंकल्प ठरवतानाच त्याच्या प्रवेशपूर्व निधीतून १०.५ कोटी युरो कापले गेले आणि आणखी ७ कोटी राखून ठेवले. अर्थसंकल्पाच्या वाटाघाटीत एक ओळ बदलली, झालं. हंगेरीच्या बाबतीत आधी कायद्याच्या राज्याची अट घालणारा नवा नियम करावा लागला, तो न्यायालयात टिकावा लागला, आयोगाने प्रस्ताव मांडला, हंगेरीने सुधारणांची आश्वासनं दिली आणि शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये सदस्य देशांच्या परिषदेने विशेष बहुमताने सुमारे ६३० कोटी युरो कोहेजन निधी स्थगित केला. त्यातले शंभर कोटींहून अधिक मुदत उलटल्यामुळे २०२४ संपताना हातचे गेले. सदस्याचा पैसाही अडतो, पण त्यासाठी किती पायऱ्या चढाव्या लागतात ते पाहा.

सीमारेषा पुसट होते तिथे

काही ठिकाणी हे दोन पैसे खरोखरच एकत्र येतात. क्रोएशिया, बोस्निया आणि माँटेनेग्रो यांच्या सीमापार सहकार्य कार्यक्रमात कोहेजन धोरणातल्या प्रादेशिक विकास निधीचा आणि आयपीएचा असा दोन्हींचा पैसा येतो आणि कार्यक्रम एकच. अशा प्रकल्पाला ‘उमेदवारांची मदत’ म्हणणं अर्धंच खरं ठरतं.

दुसरी भर २०२४ ची. मे महिन्यात पश्चिम बाल्कनातल्या सहा देशांसाठी ‘सुधारणा आणि विकास सुविधा’ मंजूर झाली. सदस्यत्वाचे काही फायदे आधीच द्यायचे, अशी तिच्यामागची कल्पना. रक्कम ६०० कोटी युरो, २०२७ पर्यंत. प्रत्येक देशाने सुधारणांचा आराखडा द्यायचा, वर्षातून दोनदा आढावा, आणि टप्पा पूर्ण झाला तरच हप्ता. ठरावीक मुदतीत सुधारणा झाली नाही तर तो पैसा शेजारी देशाकडे वळवता येतो. हे आयपीएपेक्षाही कडक आहे. मात्र बातमीत ‘६०० कोटींची मदत’ वाचताना थांबावं. त्यातलं अनुदान २०० कोटींचं. उरलेले ४०० कोटी सवलतीचं कर्ज आहे आणि ते फेडायचं आहे. युक्रेनच्या ५,००० कोटींच्या सुविधेतही मूळ आराखड्यात ३,३०० कोटी कर्ज आणि १,७०० कोटी अनुदान अशीच विभागणी होती. आयपीए आणि कोहेजन दोन्ही मुख्यतः अनुदानं आहेत, त्यामुळे या नव्या आकड्यांची त्यांच्याशी थेट तुलना करणं चुकीचं.

मदतीच्या नावाखाली कर्जाचा वाटा वाढवत नेणं मला पटत नाही. संघात येण्याआधीच छोट्या अर्थव्यवस्थांच्या डोक्यावर कर्जाचं ओझं वाढतं, आणि त्याच वेळी पुढच्या दारी पोलंडला अनुदानावर रेल्वे मिळते, हे सर्बियाच्या राजधानीतल्या, बेलग्रेडच्या, किंवा उत्तर मॅसेडोनियाच्या राजधानीतल्या, स्कोप्येच्या मतदाराला समजावून सांगणं अवघड आहे. उत्तर मॅसेडोनिया २००५ पासून उमेदवार आहे. वाटाघाटी सुरू व्हायलाच २०२२ उजाडलं.

पुढे नावंही बदलण्याची शक्यता आहे. जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८ ते २०३४ या काळासाठी मांडलेल्या अर्थसंकल्पात प्रवेशपूर्व साहाय्य ‘ग्लोबल युरोप’ नावाच्या मोठ्या परराष्ट्र निधीत सामावून घ्यायचं आणि कोहेजनचा पैसा शेतीच्या पैशासोबत प्रत्येक सदस्य देशाच्या एकाच राष्ट्रीय आराखड्यात घालायचा, असा प्रस्ताव आहे. तो जसाच्या तसा मान्य झाला तर आयपीए हे नाव कागदांतून जाईल. तेव्हाही एखाद्या प्रकल्पाची बातमी वाचताना पाहायच्या गोष्टी त्याच राहतील : निधी मंजूर झाला तेव्हा तो देश सदस्य होता का, निविदेवर सही कोणाची होती, आणि रक्कम परत करायची आहे का.