पाळी जाते, झोपही जाते: मागची गोष्ट

पाळी पन्नाशीच्या सुमारास थांबते, ही नोंद सुश्रुतसंहितेतही आहे. त्या काळात झोप का उडते, याचा नीट शोध मात्र अलीकडचा. तोवर मध्यरात्री घामाघूम होऊन उठणाऱ्या बाईला 'हल्ली चिडचिड फार करते' एवढं ऐकवलं की विषय संपायचा.

पाळी जाताना शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं, म्हणून ते बाहेरून द्यायचा मार्ग निघाला. १९४२मध्ये अमेरिकेत गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन, म्हणजे 'प्रेमारिन', मंजूर झालं. १९७५मध्ये नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असं दिसलं, म्हणून प्रोजेस्टेरॉनसदृश औषधाची जोड देणं रूढ झालं. मग आला २००२चा जुलै. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकन अभ्यासातला, ही दोन औषधं एकत्र देण्याचा १६,६०८ बायकांवरचा प्रयोग मध्येच थांबवला गेला, कारण धोके वाढलेले दिसले: स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या. भीती पुण्यापर्यंत पोचली आणि अजून गेलेली नाही. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७व्या वर्षीच जाते. साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत, त्रास जास्त असेल तर बहुतेक निरोगी बायकांना हार्मोनचा फायदा धोक्यापेक्षा जास्त, असं आता तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कर्करोग किंवा गुठळ्या झालेल्यांना हा मार्ग सहसा बंद.

हार्मोनची भीती, म्हणून झोपेची गोळी. डायझेपाम अमेरिकेत १९६३ला आलं. त्या घराण्यातल्या गोळ्या आजही कोथरूडपासून हडपसरपर्यंत उशाशी सापडतात. चार दिवस ठीक. वर्षानुवर्षं घेतल्या तर सवय लागते, तोल जातो.

खरं काम दुसरीकडे चाललं होतं. १९७२मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी साधी शिस्त मांडली: अंथरूण झोपेसाठीच, झोप आली की मगच आडवं व्हायचं, लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, उठण्याची वेळ रोज तीच. यातून वाढलेली वर्तनोपचाराची पद्धत २०१६मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून सुचवली. पहिले काही आठवडे ती त्रासदायकच असते. जायफळ घातलेलं दूध त्यापुढे सोपं वाटतं, म्हणून लोकप्रिय.

पुण्यात योगाची वाट जुनी. मॉडेल कॉलनीतली अय्यंगार संस्था १९७५ची, आणि गीता अय्यंगार यांनी बायकांच्या वयानुरूप आसनांवर आयुष्यभर काम केलं. योगाने झोप थोडी सुधारते. अंगातून निघणाऱ्या वाफा थांबतीलच असं नाही. त्या वाफांचं मूळ मेंदूत आहे: इस्ट्रोजेन घटलं की हायपोथॅलॅमस, म्हणजे शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूचा भाग, जराशा उष्णतेलाही घाम सोडायला लावतो. तिथल्या पेशींनाच आवरणारं फेझोलिनेटंट हे बिगर-हार्मोन औषध अमेरिकेत २०२३मध्ये मंजूर झालं.

एक गोष्ट अजून दुर्लक्षितच आहे. पाळी गेल्यावर घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं वाढतं. घरात त्यावर विनोद होतात. दवाखान्यात बाई ते सांगत नाही आणि झोपेच्या गोळ्या मागते. त्यातल्या काही गोळ्यांनी ते आणखी बिघडू शकतं.