एकाच भूतबंगल्याची दोन रूपं : दुसऱ्या जागी चित्र का बदलावं लागतं?

ग्राहक बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

यात्रेतल्या भूतबंगल्याचे पत्रे आमच्याकडून रंगवून घेणारी मंडळी आता बागेत, वॉटर पार्कात, कृषी पर्यटन केंद्रात पक्क्या भिंतींचा भूतबंगला बांधू लागली आहेत. तेव्हा पहिली मागणी बहुधा हीच असते : “भाऊ, तठे शे तसंच आठे करी द्या” (तिथे आहे तसंच इथे करून द्या). मागणी रास्त आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत ज्या चित्रापुढे गर्दी थबकली, ते आपल्या कायमच्या जागेवरही असावं असं मालकाला वाटणारच. पण तेच चित्र त्याच मापाने दुसऱ्या भिंतीवर काढलं की त्याचा दम जातो. असं का होतं आणि आम्ही त्यात काय बदल करतो, हे ऑर्डर देण्याआधी तुम्हाला माहीत असावं म्हणून हे पत्रक.

या बाबतीत अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांमधल्या ‘हाँटेड मॅन्शन’ या भूतबंगल्याइतकं चांगलं उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. ही राइड कॅलिफोर्नियात ऑगस्ट १९६९ मध्ये सुरू झाली आणि फ्लोरिडात १ ऑक्टोबर १९७१ रोजी. दोन्हीकडे सुरुवातीला एक आठकोनी खोली लागते. भिंतींवर चार तसबिरी. त्या डोळ्यांदेखत खालच्या बाजूने लांबत जातात. छत्री धरलेली एक नाजूक मुलगी दिसते. चित्र लांबतं तसं कळतं, की ती तुटत आलेल्या दोरावर उभी आहे आणि खाली मगर जबडा उघडून बसली आहे. कल्पना चित्रकार मार्क डेव्हिस यांची. चित्रं दोन्हीकडे तीच आहेत, पण खोली मात्र वेगळी चालते. कॅलिफोर्नियात राइडची मोठी इमारत पार्कभोवतीच्या रेल्वेच्या बांधापलीकडे आहे. लोकांना जमिनीखालून पलीकडे न्यायचं होतं, म्हणून तिथे खोलीची जमीनच लिफ्टसारखी खाली उतरते. फ्लोरिडात ही अडचण नव्हती, तिथे जमीन जागेवर राहते आणि छत वर सरकतं. पाहणाऱ्याला दोन्हीकडे धक्का तोच बसतो.

त्यानंतरचा फरक तर आमच्या कामात रोज उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियात लोक तसबिरींच्या दालनातून पायी जातात. वीज चमकते आणि शिडाचं देखणं जहाज फाटक्या शिडांचं भुतांचं जहाज होतं. माणूस थांबतो, मागे वळून पुन्हा बघतो. फ्लोरिडात तसबिरींसमोरून लोक गाडीत बसून जातात. गाडी कुणासाठी थांबत नाही.

तुमच्याकडेही नेमकं हेच घडतं. यात्रेतल्या भूतबंगल्यात माणसं चालत, एकमेकांना धरून, चाचपडत जातात. चेहरा हातभर अंतरावर येतो. पक्क्या बंगल्यात तुम्ही रुळावरची गाडी घालता. गाडी ताशी ८ किलोमीटरने गेली तरी सेकंदाला सव्वादोन मीटर अंतर मागे पडतं, म्हणजे २० फुटांची भिंत तीन सेकंदांच्या आत संपते. तेवढ्यात हडळीच्या केसांतल्या उवा कोण बघणार? तिथे एकच मोठा आकार हवा, तोही वळणाच्या समोरच्या भिंतीवर, कारण वळण घेताना गाडीतल्या सगळ्यांची नजर आपोआप तिथेच जाते. बारीक काम आम्ही रांगेच्या भिंतीवर काढतो. रांगेतला माणूस वेळ घालवायला काहीतरी शोधतच असतो.

मेरी ब्लेअर या चित्रकर्तीने फ्लोरिडातल्या डिस्नेच्या हॉटेलात ९० फूट उंचीचं टाइल्सचं भित्तिचित्र केलं, त्यात एका बोकडाला पाच पाय आहेत. आजही येणारे पाहुणे तो बोकड शोधतात. हॉटेलात मुक्कामाला आलेल्या माणसाकडे वेळ असतो, म्हणून ही गंमत तिथे शोभते.

आता खाक्याविषयी. कागदावर चित्र काढून रेघांवर सुईने भोकं पाडायची, कागद भिंतीला चिकटवायचा आणि गेरूची पुरचुंडी त्यावरून आपटत जायची. भिंतीवर ठिपक्यांची रेघ उमटते. जुना खाका आम्ही जपून ठेवतो. म्हणून काही ग्राहकांना वाटतं, दुसऱ्या वेळचं काम निम्म्या पैशांत व्हावं. पण यात्रेचा पत्रा ८ फुटांचा आणि तुमची भिंत १४ फुटांची. राक्षसाचं डोकं खाक्याप्रमाणे घेतलं तर वर सहा फूट मोकळी भिंत उरते. शिवाय गाडीत बसलेल्याची नजर जमिनीपासून साधारण साडेतीन-चार फुटांवर असते, उभ्या माणसाची पाचांवर. खालून पाहताना उंच भिंतीवरचं डोकं लहान दिसतं, म्हणून ते मुळातच मोठं काढावं लागतं. थोडक्यात, खाका नव्याने टोचावा लागतो.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो उजेडाचा विचार न केल्यामुळे. बंगल्याच्या आत ब्लॅकलाइटच्या (अंधुक जांभळ्या, अतिनील उजेडाच्या) नळ्या असतील तर आम्ही फ्लोरोसंट रंग वापरतो. त्या उजेडात हेच रंग पेटल्यासारखे दिसतात, साधे रंग काळेठिक्कर पडतात. चित्राची सावलीही ब्रशनेच काढावी लागते, कारण नळीचा प्रकाश आकाराला उठाव देत नाही. पण हाच रंग बाहेरच्या दर्शनी भिंतीला लावू नका. फ्लोरोसंट रंग उन्हात टिकत नाहीत. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे ती भिंत एक उन्हाळाही काढणार नाही. बाहेर आम्ही बाहेरच्या भिंतींसाठीचे ॲक्रिलिक रंग वापरतो आणि गेरू, पिवळी माती यांच्या जातीच्या छटांवर भर देतो.

‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही बोटींची राइडही पाहण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात १९६६ पासून तिचा दर्शनी भाग उघड्यावर आहे, पांढरा आणि सोनेरी, आणि लोक त्याच्यासमोरच बोटीत बसतात. फ्लोरिडात बोटीत बसण्याची जागा छताखाली आहे, म्हणून सजावटही आतल्या भिंतीवर गेली. सूर्य जे काम फुकट करतो, ते आत दिव्यांना करावं लागतं.

भिंतीविषयी एक कळकळीची विनंती. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतीला तडे जातात. तडा चेहऱ्यावरून गेला तर कितीही लिंपला तरी दिसतो. म्हणून नव्या बांधकामाचा एक पावसाळा जाऊ द्या, मगच चित्र काढा. रावेर-यावलकडे भिंत केळीच्या बागेला लागून असेल तर खालून ओल चढते. हात फिरवून पाहा. पांढरी पूड हाताला लागली की लोणा धरलाय असं समजा. त्यावर पुट्टी आणि प्रायमर मारून उपयोग नाही, पोपडे निघतात. आधी ओल बंद करा. असं काम आम्ही घाई असली तरी घेत नाही.

पाहणीसाठी बोलवाल तेव्हा गाडीच्या मार्गाचा कागदावरचा आराखडा, गाडीचा वेग आणि नळ्यांच्या जागा तयार ठेवा. जुन्या भूतबंगल्याचे फोटो प्रेक्षकाच्या नजरेच्या उंचीवरून काढलेले असावेत. पाहणी दुपारी तीननंतर ठेवा, म्हणजे पश्चिमेचं ऊन कोणत्या भिंतीवर किती वेळ राहतं ते तिथेच कळेल. बाहेरच्या भिंतींचं काम आम्ही दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत घेतो, आतलं वर्षभर. दत्तजयंतीच्या सुमारास आमची माणसं सारंगखेड्याला असतात, ते दिवस वगळून तारीख कळवा.