बालीची आधुनिक चित्रकला युरोपीयांनी घडवली नाही

बाली बेटावरची आधुनिक चित्रकला वॉल्टर स्पीस आणि रुडॉल्फ बोनेट या युरोपीय चित्रकारांनी जन्माला घातली, हा समज अनेक दशके चालत आला असला तरी तो खरा नाही. स्पीस १९२७ मध्ये बालीत राहायला आले; परंतु १८९४ मध्ये निधन पावलेल्या फान डेर टुक या डच भाषातज्ज्ञाच्या संग्रहात, ई क्तुत गडे यांच्यासारख्या स्थानिक चित्रकारांनी कागदावर काढलेली, छायाबाहुल्यांच्या धर्तीच्या जुन्या कामासान शैलीपासून दूर सरकलेली चित्रे आहेत. १९३६ मध्ये बालीतील उबुद या गावी स्थापन झालेल्या ‘पिता महा’ या चित्रकारांच्या संघातही उबुदच्या राजघराण्यातील चोकोर्दा सुकावती आणि चित्रकार लेम्पाड हे स्थानिक संस्थापक होतेच. बालीतल्याच बातुआन गावची दाटीवाटीने भरलेली, गडद शाईचित्रे, जी मला सर्वांत मौलिक वाटतात, ती तर बोनेट यांच्या युरोपीय अभिरुचीच्या चौकटीत बसतच नाहीत.