पिशवी काढली की सुटका?

रामबागेतल्या हळदीकुंकवात काकू कानाशी लागून सांगतात, "अंग बाहेर येतंय? पिशवी काढून टाक, कायमची सुटका!" इंदूरभर फिरणारा हा सल्ला अर्धवट आहे. अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशयाची पिशवी योनीत खाली उतरते, तेव्हा सैल पडलेले असतात ते तिला तोलून धरणारे स्नायू आणि बंध. झोळीची दोरीच ढिली असेल तर आतलं सामान काढून ती घट्ट होत नाही. पिशवी गेल्यावरही योनीचा वरचा भाग खाली उतरू शकतो.

आधाराला योनीमार्गातून प्लास्टिकची जाळी बसवत. जाळी टोचू लागली, दुखणी मागे लागली. अमेरिकेत २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यावरच्या या जाळ्यांची विक्री थांबवली. विरघळणाऱ्या साच्यावर पेशी वाढवून नवा आधार घडवण्याचं काम अजून संशोधनातच आहे. आज हाती आहेत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, योनीत बसवून आधार देणारी पेसरीची रिंग आणि स्वतःच्याच ऊतींना टाके घालून दुरुस्ती.

काकू, पिशवी काढायचं ठरलंच, तर डॉक्टरांना आधी विचारा: "योनीचा वरचा भाग कशाच्या आधाराने बांधणार?"