पडदे नाहीत म्हणून विचित्र वीणा?

आडव्या दांडीखाली दोन भोपळे आहेत आणि वर पडदे (स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्या) नाहीत, एवढ्यावरून संग्रहालयातल्या वाद्याला लोक बेधडक विचित्र वीणा ठरवतात. छायाचित्रांखाली तर ही चूक सर्रास दिसते.

रुद्रवीणा, म्हणजेच बीन, ओळखीची आहे: ध्रुपदाचं वाद्य, चार मुख्य तारा, बाजूला चिकारी (अधूनमधून छेडायच्या साथीच्या तारा), वीस-चोवीस पडदे. विचित्र वीणेला पडदे मुळातच नसतात. डाव्या हातातला काचेचा बट्टा तारांवरून सरकवत स्वर काढतात. इथवर कुणाचं चुकत नाही.

घोळ होतो तो जुन्या वाद्यांपाशी. जुन्या बिनींचे उंच लाकडी पडदे, माथ्यावर पितळी पट्टी असलेले, बहुधा मेणाने दांडीवर बसवलेले असतात. मेण मुद्दामच वापरतात. ते तापवून पडदा किंचित सरकवता येतो आणि स्वर नेमका लावता येतो. पण हेच मेण उष्णतेने मऊ पडतं, जुनं झालं की तडकतं, आणि पडदे एकेक करून गळून जातात. मागे उरते नुसती दांडी.

म्हणून आधी दांडी पाहा. बिनीची दांडी म्हणजे बांबूची किंवा लाकडाची गोल नळी, साधारण साडेचार-पाच फूट लांब. विचित्र वीणेची चांगली रुंद, सहा इंचांच्या आसपास, आणि घोडीही, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तशीच पसरट. मग दांडीची कड तपासा. विचित्र वीणेत मुख्य तारांखाली तेराएक तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा, असतात. त्यांच्या खुंट्या हरवल्या तरी भोकांची ओळ राहते. बिनीला परंपरेने तरफा नसतात. आणि गोल नळीवर मेणाचे डाग घोडीकडे जाताना जवळजवळ येत गेलेले दिसले, तर ती बीनच.

टोकाचा कोरीव मोर हा पुरावा नव्हे, तो दोन्हींवर असतो. छायाचित्रातल्या वादकाची बसण्याची ढबही नव्हे: बीन सहसा खांद्यावर टेकवतात, पण पनवेलजवळ पळस्प्याला गुरुकुल उभारणारे बीनकार झिया मोहिउद्दीन डागर (1929–1990) आपली मोठी करून घेतलेली बीन खांद्यावर न टेकवता वाजवत.

गळलेले पडदे गोंदाने चिकटवणं हा तर वाद्यावर अन्याय आहे. ते पुन्हा सरकवताच येत नाहीत. आणि मेणाचे डाग खरवडण्याआधी त्यांची घोडीपासूनची अंतरं मोजून लिहून ठेवावीत. पडद्यांच्या मूळ जागा दुसरीकडे कुठेच नोंदलेल्या नसतात.