"जाळी काढा, गाडी मोकळी होईल": जुन्या ताकदवान गाड्या आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर

इंदूरच्या कुठल्याही गॅरेजात मोठ्या इंजिनची जुनी गाडी उभी करा आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, म्हणजे धुराच्या पाइपात बसून विषारी वायू कमी घातक करणाऱ्या डब्याचं, थोडक्यात 'कॅट'चं, नाव काढा. उत्तर ठरलेलं असतं: "जाळी कशाला बसवता? असेल ती काढून टाका, गाडी मोकळी होईल." मिस्त्री असं म्हणतो आणि मालकाला ते लगेच पटतं, कारण त्यानंही आजवर तेच ऐकलेलं असतं. कॅट बसवला की व्ही-८ची, म्हणजे आठ सिलिंडरांच्या मोठ्या इंजिनाची, ताकद गेली, हे जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये जवळपास सर्वमान्य आहे. ते अगदीच निराधार नाही. पण ते मत एका ठरावीक काळातल्या यंत्राबद्दलचं आहे, आणि तो काळ सरून पन्नास वर्षं झाली. आज अशा गाडीसाठी कॅट निवडायचा तर ते मत कुठून आलं हे आधी पाहायला हवं.

ताकदवान गाड्यांचं वेड इंदूरला होळकरांच्या काळापासून आहे. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी तीसच्या दशकात ड्युसेनबर्ग या अमेरिकन कंपनीची एसजे मागवली होती. एका ओळीत आठ सिलिंडर, ६.९ लिटरचं इंजिन, वर सुपरचार्जर, आणि कंपनीचा दावा ३२० हॉर्सपॉवरचा. तिची बॉडी गर्नी नटिंग या इंग्लिश कंपनीनं बांधली होती, रंग नारिंगी आणि काळा. ती गाडी पुढे अमेरिकेत परत गेली. अशा गाडीला कॅट बसवावा का, असं विचारलं तर माझं उत्तर ठाम नाही असंच राहील. ती इतिहासातली वस्तू आहे, तिचे पाइपसुद्धा जसेच्या तसे राहिले पाहिजेत. प्रश्न आहे तो साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन व्ही-८, जॅग्वार, मर्सिडीज अशा गाड्यांचा. या दुरुस्त होतात, कधी मूळच्यापेक्षा जास्त ताकदीचं इंजिन घेतात, आणि खरोखर रस्त्यावर चालवल्या जातात.

कन्व्हर्टरची कल्पना या गाड्यांच्याही आधीची. यूजीन हूद्री हा फ्रेंच अभियंता १९३० मध्ये अमेरिकेत गेला. कॅटलिस्ट (रासायनिक क्रिया घडवून आणणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ) वापरून जड तेलातून जास्त ऑक्टेनचं, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटणारं, पेट्रोल काढण्याची त्याची पद्धत त्या दशकात तिथल्या रिफायनऱ्यांमध्ये आली. पुढच्या दशकात लॉस एंजलिसच्या हवेत डोळे चुरचुरवणारं धुरकं वाढत चाललं होतं. कॅलटेक या तिथल्या विज्ञानसंस्थेत अननसाच्या वासाचं रसायन अभ्यासणाऱ्या आरी हागेन-स्मिट यांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांतून सुटणारं न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. हूद्रीनं कॅटलिस्टचं तेच तंत्र सायलेन्सरच्या बाजूला वळवलं आणि १९५६ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पण गाड्यांत ते चालेना. आड आलं शिसं.

१९२१ मध्ये जनरल मोटर्समध्ये टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा उपयोग सापडल्यापासून पेट्रोलचं ऑक्टेन वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे शिसं. ऑक्टेन वाढलं म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला मिश्रणावरचा दाब, वाढवता आलं, कॉम्प्रेशन वाढलं म्हणून ताकद वाढली. साठच्या दशकातल्या मोठ्या इंजिनांची सगळी मिजास या शिशावर उभी होती. आणि तेच शिसं कॅटमधल्या प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर थर धरतं आणि कॅटलिस्ट निकामी करतं. त्यामुळे या गाड्या आणि कॅट यांचं वैर अगदी मुळातलं. पाइप अरुंद होण्याची तक्रार बरीच नंतरची.

अमेरिकेचा १९७० चा स्वच्छ हवा कायदा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन नव्वद टक्क्यांनी घटवा असं सांगत होता, मुदत होती १९७५ची मॉडेलं. जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी ओळखलं की शिसं काढल्याशिवाय कॅट टिकणार नाही. म्हणून कंपनीनं १९७१च्या मॉडेलांचं कॉम्प्रेशन आधीच उतरवलं, म्हणजे ती इंजिनं कमी ऑक्टेनच्या शिसेमुक्त पेट्रोलवर चालावीत.

इथे कॉर्व्हेट या जनरल मोटर्सच्या स्पोर्ट्स कारच्या ३५० क्युबिक इंची साध्या इंजिनाचे आकडे एकदा सलग वाचावेत. १९७० मध्ये ३०० हॉर्सपॉवर. १९७१ मध्ये २७०. पण हे आकडे 'ग्रॉस', म्हणजे नुसतं इंजिन स्टँडवर, अल्टरनेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर यांच्याशिवाय मोजलेले. गाडीत बसवलेल्या स्थितीत, म्हणजे 'नेट' मोजलं, तर १९७१चं तेच इंजिन २१० भरतं. १९७२ पासून कंपन्या नेट आकडेच छापू लागल्या: त्या वर्षी २००, १९७४ मध्ये १९५. आणि १९७५ मध्ये, कॅट आल्यावर, १६५.

लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच: १९७० मध्ये तीनशे आणि १९७५ मध्ये एकशे पासष्ट. मधली मोजमापाची पद्धत बदलली, कॉम्प्रेशन उतरलं, हे सगळं कॅटच्या खात्यावर मांडलं गेलं. कॅटच्या वर्षी प्रत्यक्ष घटले ते ३० हॉर्सपॉवर, आणि त्यातही दोष होता तो पाइपच्या रचनेत. १९७५च्या कॉर्व्हेटमध्ये दोन्ही बँकांचे (सिलिंडरांच्या दोन ओळींचे) पाइप एकत्र आणून एकाच कन्व्हर्टरमधून नेले होते आणि नंतर दिसायला पुन्हा दोन टेलपाइप काढले होते. आठही सिलिंडरांचा धूर एका डब्यातून. शिवाय जनरल मोटर्सचा तो डबा चपटा, आत कॅटलिस्टचा लेप दिलेल्या गोळ्या ठासून भरलेल्या, आणि धुरानं त्यांच्या फटींतून वाट काढायची. तरीही पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, कॅट जागच्या जागी असताना तेच इंजिन १८० हॉर्सपॉवर देऊ लागलं. हा एक आकडा फारसा कुणी सांगत नाही. मला मात्र तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

गोळ्यांचा डबा हा काही एकच मार्ग नव्हता. कॉर्निंग या काच-सिरॅमिकच्या कंपनीत बॅगली, लॅकमन आणि लुइस यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकचा सलग ठोकळा बनवला, मधाच्या पोळ्यासारखा, आरपार सरळ भोकांचा. तापला तरी फारसा प्रसरण पावत नाही, म्हणून तडकत नाही. फोर्डनं तोच घेतला आणि पुढे सगळ्या जगानं. आपल्या मिस्त्र्यांची 'जाळी' ती हीच. गोळ्या मागे पडल्या, पण त्यांनी दिलेली बदनामी मात्र टिकली.

दुसरी अडचण मिश्रणाची. सुरुवातीचे कॅट फक्त जाळायचं काम करत: कार्बन मोनॉक्साइड आणि उरलेलं इंधन. नायट्रोजनचे ऑक्साइडही मोडणारा 'थ्री-वे' कॅट एंगेलहार्ड या कंपनीत कार्ल कीथ आणि जॉन मूनी यांच्या चमूनं तयार केला. पण त्याला हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ लागतं. कार्बोरेटर हे सतत सांभाळू शकत नाही. बॉशचा लॅम्डा (ऑक्सिजन मोजणारा) सेन्सर १९७६ मध्ये व्होल्व्होच्या गाडीत आला तेव्हा धुरातला ऑक्सिजन पाहून इंधन तिथल्या तिथे कमी-जास्त करणं शक्य झालं, आणि कॅट खऱ्या अर्थानं कामाला लागला. आजची कॉर्व्हेट झेडआर१ १०६४ हॉर्सपॉवर देते, तीही कॅटसकट.

आपल्याकडे हा सगळा क्रम उशिरा आणि घाईत उरकला. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला, तिथल्या पंपांवर शिसेमुक्त पेट्रोल आलं. देशभर शिसं पूर्ण बंद झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. मधली पाच वर्षं महानगराबाहेर पडलेल्या गाडीला शिसेवालं पेट्रोल भरावं लागण्याचा धोका होता, आणि बऱ्याच गाड्या तेव्हा कार्बोरेटरवरच चालत होत्या. कॅट लवकर मेले, मिस्त्र्यांनी ते काढून सरळ पाइप जोडले. 'जाळी काढा'चं आपलं देशी रूप तिथून आलं.

असा एक मेलेला कॅट एका गॅरेजात ग्राइंडरनं कापलेला मी पाहिला आहे. हलवला की आत खडखडत होता. पुढच्या तोंडाशी भोकं वितळून एकमेकांत मिसळलेली, काचेसारखी चकाकणारी तपकिरी साय धरलेली, तर मागचा अर्धा भाग स्वच्छ राखाडी, भोकं सुईनं टोचावीत तशी मोकळी. मालकाचं म्हणणं, कॅटनं इंजिन गुदमरवलं. शेजारीच काढून ठेवलेले स्पार्क प्लग काजळीनं काळेकुट्ट होते. म्हणजे मिश्रण गच्च होतं, हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटत होतं आणि तिथलं तापमान सिरॅमिक वितळेल इतकं, म्हणजे चौदाशे अंशांच्या वर गेलं होतं. इंजिनानं कॅट मारला, आणि मग मेलेल्या कॅटनं इंजिनाचा श्वास कोंडला.

म्हणून निवड करताना माझ्या मते पहिला खर्च इंधनाचं मिश्रण नीट करण्यावर करावा, कॅटवर नंतर. कार्बोरेटर ठेवायचाच असेल तर तो, मिश्रणाचं नेमकं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर लावून, नीट जुळवून घ्यावा आणि जाळण्यापुरता कॅट घ्यावा. थ्री-वेचे पैसे तिथे वाया जातात. आता कार्बोरेटरच्याच जागी बसणारी थ्रॉटल बॉडी इंजेक्शनची, म्हणजे सेन्सर पाहून पेट्रोल फवारणारी, किट मिळतात, ती घेतली तर थ्री-वेला अर्थ आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे आणखी गरजेचं झालंय, कारण त्याचं योग्य प्रमाण साधारण साडेतेरास एक आहे आणि कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोलच्या मापाच्या भोकावर) गाडी त्यानं पातळ चालते, म्हणजे इंधन कमी पडतं.

मग पाइप. व्ही-८ असेल तर प्रत्येक बँकेला स्वतंत्र कॅट, १९७५ची चूक करायची नाही. दोन्ही मिळून कॅटलिस्टचं आकारमान इंजिनच्या क्षमतेच्या जवळपास असावं. सर्वसाधारण ठोकळ्यात चौरस इंचाला ४०० भोकं असतात. जास्त ताकदीच्या इंजिनाला २०० भोकांचा, पातळ धातूच्या पत्र्याचा कॅट बरा, कारण त्याच्या भिंती अगदी पातळ, धुराला वाट जास्त, आणि स्पीडब्रेकरवर आपटला तर सिरॅमिकसारखा फुटत नाही. इंदूरच्या वस्त्यांमधले स्पीडब्रेकर पाहता हे कारण मला पहिल्या दोन कारणांइतकंच वजनदार वाटतं. जागा हेडरला (इंजिनातून निघणाऱ्या पहिल्या पाइपांना) चिकटून नको, तिथे तो जळेल. मागच्या सीटखालीही नको, तिथे तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापायलाच फार वेळ घेईल, आणि त्याखाली तो काम सुरू करत नाही. स्वस्त कॅटपासून दूर राहावं: आत प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम किती आहे यावर किंमत ठरते, आणि फार स्वस्त असेल तर ते जवळपास नाहीच.

जोडणी फ्लँजनं करावी, मूळ पाइप कापून वेल्ड करू नये. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, पण गाडी मूळ रूपात असावी लागते आणि ती रोजच्या वापरात आणता येत नाही. कायदा अशा गाडीला कॅट मागत नाही. पीयूसीतही जुन्या चारचाकीला निष्क्रिय वेगावर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, तो चांगला लावलेला कार्बोरेटर कॅटविना गाठतो. तेव्हा हा निर्णय सर्वस्वी मालकाचा. २०२३च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांवरच्या लोकसंख्येच्या शहरांत आपलं शहर पहिलं आलं. पाच-सहा लिटरचं इंजिन राजवाड्याच्या गर्दीतून नेणाऱ्यानं हा निर्णय कायद्यावर सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे तेल. जुन्या सपाट टॅपेटच्या कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) झिजेपासून वाचवतं ते तेलातलं जस्त आणि फॉस्फरस. पण फॉस्फरस कॅटला घातक, म्हणून नव्या तेलांत तो ०.०८ टक्क्यांपर्यंत खाली आणला गेला. नवं तेल घातलं तर कॅम जातो, जुन्या पद्धतीचं घातलं तर कॅट हळूहळू मरतो. मी कॅमची बाजू घेईन, कारण तेल जळत नसेल तर फॉस्फरस कॅटपर्यंत फारसा पोचतच नाही. टेलपाइपमधून निळा धूर येत असेल तर आधी रिंगा आणि व्हॉल्व्ह गाइड बदलून घ्यावेत, कॅटची ऑर्डर त्यानंतर द्यावी.